चारच्या आत घरी

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मावशीच्या दुकानातून आज आणलं. विद्यापीठ कसं निवडावं यावर तू आता पुस्तकच लिही. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं ते बघ, प्राध्यापक शिकवतात की नुसती हजेरी घेतात ते तिथल्या मुलांना विचार, वसतिगृहाच्या खोलीला खिडकी आहे का ते बघ. सगळं वाचलं. एवढ्या पानांत बाबांचं नाव एकदाही नाही, हेही वाचलं.

पत्रं कसली लिहितेस, फोन कर, असं तू म्हणतेस. कुठून करू? आपल्या घरात भिंतींना कान असतात असं म्हणायचीही सोय नाही, कारण भिंती आहेतच कुठे? पुढे बाबांची दातांची लॅब, मध्ये पडदा, मागे आपण. इकडे चमचा पडला तरी पलीकडून बाबा विचारतात, काय पडलं. तुझं नाव अजून कुणी मोठ्याने घेत नाही. आई तुला ‘ती’ म्हणते. बाबा तेवढंही म्हणत नाहीत.

तर अर्जाचं. या वर्षी नियम बदललाय. अर्जावर विद्यापीठांच्या नावांसाठी रकाने बरेच आहेत, पण खरा एकच. ज्याचं नाव पहिल्या पसंतीत, तेच तुमचा अर्ज उघडून बघतं. बाकीचे रकाने मनाच्या समाधानासाठी. आणि एकदा अर्ज पाठवला की वर्षभर बदलता येत नाही. माझ्यासमोर तीन नावं आहेत. एक तुझं, जिथे तू वकिली शिकलीस आणि जिथे तुझ्या खोलीत मला निम्मी गादी मिळणार आहे. दुसरं गणिताचं, आगगाडीने रात्रभराच्या अंतरावर. आमच्या गणिताच्या बाईंनी शाळा सुटताना माझा हात धरून सांगितलं होतं, तिथेच जा. मी हो म्हटलं होतं. हो म्हणायला काय लागतं?

तिसरं आपलं जवळचं. तिथे गणित नाही. अकाउंट्स आहे आणि ‘कार्यालय व्यवस्थापन’ नावाचं काहीतरी आहे, म्हणजे बहुधा फायली उभ्या ठेवायच्या की आडव्या. मी तेच पहिलं लिहिणार आहे. बस आपल्या कोपऱ्यावरून सुटते. खानावळीचं जेवण मला मानवत नाही. आणि तिथले वर्ग सकाळी भरतात, चारच्या आत घरी येता येतं. झालं. आता यावर पुन्हा पानं खरडू नकोस, पालथ्या घड्यावर पाणी आहे.

तुझी,
मधली

१९ फेब्रुवारी

ताई,

तू या वेळी दोनच ओळी लिहिल्यास आणि नेमकं दुखऱ्या दातावर बोट ठेवलंस. ‘खानावळीत तू आयुष्यात कधी जेवली नाहीस. चारच्या आत घरी कशाला, ते लिही.’

लिहिते. तुला यातलं किती माहीत आहे ते मला नक्की माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

तू गेलीस त्याच्या पुढच्याच महिन्यात दात परत यायला लागले. बाबांनी बनवलेले दात, जे कधी परत येत नसत. दुसऱ्या लॅबना डॉक्टर शेडचा, म्हणजे दाताच्या रंगछटेचा, नंबर लिहून पाठवतात आणि त्या नंबराची कॅप करून घेतात. बाबांचं तसं नाही. ‘नंबर नको, माणूस पाठवा.’ समोरच्या दाताचं काम असलं की पेशंटने खिडकीपाशी स्टुलावर बसायचं, बाबांनी नमुन्याचे दात एकेक करून त्याच्या ओठाशी धरायचे, आणि मग ते सांगतील त्या रंगाच्या पावडरची बाटली आपण मुलींनी फळीवरून काढून द्यायची. त्यांनी केलेला दात कुठला आणि देवाने दिलेला कुठला, हे त्या माणसाच्या आईलाही कळायचं नाही. आणि आता एकामागून एक कॅप परत येत होत्या. पिवळी आहे. शेजारच्या दाताशी जुळत नाही. डॉक्टरीणबाईंनी, ज्या आपल्याला सगळ्यात जास्त काम देतात, दोनदा चिठ्ठी पाठवली आणि तिसऱ्यांदा स्वतः आल्या. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आईला एवढंच म्हणाले की मोठी जाताना माझा हात घेऊन गेली. त्यानंतर त्यांनी तुझं नाव टाकलं.

मग एके दिवशी मी स्टुलाशेजारी उभी होते. एका शिक्षकाचा दात होता, बाकीचे दात दुधासारखे. बाबांनी उचललेला नमुना चक्क पिवळा. मी म्हटलं, हा जरा पिवळा नाही का? ते म्हणाले, काहीतरीच काय, चांगला पांढराशुभ्र आहे. मी पडद्याकडे पाहिलं. फटीत आई उभी होती. ओठांवर बोट ठेवून.

मी फळीकडे गेले आणि त्यांनी सांगितलेली बाटली सोडून बरोबर असलेली दिली. ती कॅप परत आली नाही. त्यानंतर आजवर एकही आलेली नाही. बाबा म्हणतात, हात परत आला.

आणि मला कळलं की तू असताना दात का परत येत नव्हते. पेशंटला चारनंतरच बोलवायचं, हा नियम आईने घातला होता, आठवतं? चारला खिडकीत उजेड चांगला असतो म्हणे. उजेड दिवसभर चांगलाच असतो. चारला शाळा सुटून आपण घरी येतो.

तू गेलीस याचा मला राग नाही, ताई. जायलाच हवं होतंस. पण जाताना माझ्या कानात एक वाक्य सांगून गेली असतीस तर तो महिना बाबांवर आला नसता. तुझं नावही या घरात राहिलं असतं.

मधली

२ मार्च

ताई,

तुझं उत्तर वाचून दोन दिवस मी पत्र हातात घेतलं नाही. म्हणजे तुलाही बाटल्या बदलायला आईनेच लावलं होतं. आणि तुझं भांडण बाबांशी झालंच नव्हतं, ते आईशी झालं होतं. बाबांना सांग नाहीतर मी जाते, असं तू म्हणालीस, आणि आई म्हणाली, जा. हे मला माहीत नव्हतं. बाबांना तर नाहीच. ते अजून समजतात की त्यांचा निरोपही न घेता तू निघून गेलीस कारण त्यांचं काही चुकलं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, असं लिहितेस. काय सांगून नेऊ? ज्या माणसाची चाळिशी सुटली त्याला? खरंच सुटली. वर्तमानपत्र आता चष्म्याशिवाय वाचतात, बारीक टाइपसुद्धा. येणाऱ्या-जाणाऱ्याला सुईत दोरा ओवून दाखवतात. चष्मा मावशीच्या यजमानांना देऊन टाकला. त्यांना म्हणायचं, बाबा, तुमचे डोळे गेले? आई म्हणते, वय झालं की कान जातो तसा रंग जातो, त्याला औषध नाही, उगाच कशाला सांगायचं. मलाही तसंच वाटतं. नाहीतर दोरा कसा ओवला असता?

काल त्यांनी मला पडद्यापलीकडे बोलावलं. हातातलं काम खाली ठेवलं, तेव्हाच मला धास्ती वाटली. काम खाली ठेवून ते फक्त वाईट बोलतात. म्हणाले, तुझ्या गणिताच्या बाई बाजारात भेटल्या होत्या. तू जवळचं लिहिणार म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. का लिहितेस जवळचं? मी बसचं सांगितलं. खानावळीचं सांगितलं. ते ऐकत होते आणि ब्रशचं टोक ओठांत धरून सरळ करत होते. मग म्हणाले, माझ्यासाठी राहत असशील तर राहू नकोस, मी काय म्हातारा झालोय का, माझी तर चाळिशीसुद्धा सुटली.

मी फळीवरच्या बाटल्या सरळ करायला लागले.

‘मोठीला निदान हिंमत होती,’ बाबा म्हणाले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझा उल्लेख झाला तो असा, मला मारायला. मी आत आले आणि भांडी घासायला घेतली, जी घासलेलीच होती. आई बघत होती. तुला सांगते, त्या क्षणी मला त्या दोघांचाही इतका राग आला की वाटलं, आत्ता पडदा ओढून खाली टाकावा. पण आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला चावणार?

मधली

१२ मार्च

ताई,

आज जे घडलं ते लिहिते, नीट वाच.

मी अर्जाला लावायचे फोटो काढून परत येत होते, उशीर झाला होता. चार वाजून गेलेले. धावत आले. लॅबमध्ये एक बाई स्टुलावर तोंड उघडून बसलेल्या, बाबा खिडकीशी, आणि माझ्या जागी धाकटी. बाबांनी शेड सांगितली. धाकटी फळीकडे गेली, टाचा उंचावल्या, सांगितलेल्या बाटलीवर तिचा हात गेला, थांबला, आणि तिने शेजारची उचलली. बरोबर तीच. बाबांनी बघितलंही नाही.

मी तिला यातलं अक्षरही सांगितलेलं नाही.

आत गेले. आई कपड्यांच्या घड्या करत होती. मी काही विचारायच्या आधीच हळू आवाजात म्हणाली, ‘तुला जायचंय तिथे जा. धाकटीला येतंय आता.’

महिनाभर शिकवत होती म्हणे तिला. शर्टाची पांढरी बटणं मांडून, यातलं कुठलं वेगळं, यातलं कुठलं वेगळं. मी म्हटलं, आई, बाबांना सांगून का टाकत नाहीस? तेव्हा तिने पहिल्यांदा तिच्या वडिलांचं सांगितलं. ते शिंपी होते एवढंच आपल्याला माहीत. त्यांचा हात थरथरतो हे त्यांच्या भावाने चारचौघांत तोंडावर सांगितलं. खरंच सांगितलं, खोटं नाही. ते त्या दिवशी मशीनवरून उठून खुर्चीत बसले ते पुन्हा उठले नाहीत. माणूस कामावर जगतो, ती म्हणाली, पोटासाठी नाही म्हणत मी.

आता खरं लिहायचं ठरलंय तर हेही लिहिते. मला आनंद झाला. पुरती संध्याकाळ मी आनंदात होते. धाकटीच्या केसांची वेणी घालताना मनात आगगाडीत बसले, वसतिगृहाच्या खोलीला खिडकी होती, फळ्यावर कुणीतरी असं काही लिहीत होतं ज्यात काहीच पिवळट नव्हतं. गणित मला का आवडतं ते तुला आता कळलं असेल. तिथे चूक ही चूक असते, कुणी पडद्याआडून ओठांवर बोट ठेवत नाही.

मग धाकटीने विचारलं. पोहायला जात नाहीस का हल्ली, असं मी तिला सहज म्हटलं होतं. ती म्हणाली, पोहणं चारला असतं ना. आणि मग, अगदी नेहमीच्या आवाजात, जणू गृहपाठातलं काही अडलंय तसं म्हणाली,

‘ताईनंतर तू, तुझ्यानंतर मी. माझ्यानंतर कोण गं?’

मी वेणी पुरी केली. मग अर्ज काढला, पहिल्या रकान्यात जवळचं लिहिलं आणि कोपऱ्यावर जाऊन पेटीत टाकून आले. मला हिंमत आहे की नाही ते बाबांनी ठरवावं. पण बटणं निवडत बसायला त्या पोरीला मी ठेवणार नाही. ती जाईपर्यंत मी आहे. त्यानंतरचं त्यानंतर.

मधली

१६ मार्च

ताई,

मी सांगून टाकलं. ठरवून नाही. ठरवून सांगितलं असतं तर नीट सांगितलं असतं.

बाबांनी विचारलं, अर्ज गेला का. गेला म्हटलं. कुठला? जवळचा. ते हसले. रागावले असते तर चाललं असतं, ताई, ते हसले. एप्रन काढून खुंटीला अडकवत म्हणाले की बरं झालं, काही लोक घरीच शोभतात. मग चारच्या पेशंटच्या कॅपचं बोलायला लागले. आज कशी अचूक शेड लागली, डॉक्टरीणबाई बघत राहतील. ती कॅप मी बदललेल्या पावडरची होती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

सगळं. बाटल्या, चारचा नियम, तू का गेलीस, मी, धाकटी. मी ओरडत होते हे मला आई पडद्यातून बाहेर आली तेव्हा कळलं.

बाबांनी विश्वास ठेवला नाही. साहजिक आहे. मी नमुन्याचे दोन दात काढले, नंबर झाकले, त्यांच्या हातावर ठेवले. यातला पिवळा कुठला? ते खिडकीशी गेले. बराच वेळ उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, दोन्ही एकच तर आहेत. मी धाकटीला हाक मारली. तिने लांबूनच बोट दाखवलं आणि मग तिला कळलं की आपण काय केलं, आणि ती रडायला लागली.

बाबांनी आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे बघत होती.

मला वाटलं होतं, आता मला मारतील. त्यांनी दोन्ही दात जागच्या जागी ठेवले, फळी पुसली आणि एवढंच म्हणाले, ‘म्हणजे मोठीने माझा हात नेला नव्हता.’ मग शटर खाली ओढलं. तेव्हापासून उघडलेलं नाही.

खुर्चीत बसून असतात, ताई. आई म्हणाली होती तस्सेच. आई माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, ताट समोर ठेवते, बोलत नाही. धाकटी माझ्या अंथरुणात झोपत नाही. खरं बोललं की हलकं वाटतं, असं शाळेत शिकवलं होतं. ज्याने शिकवलं त्याला आमच्याकडे दोन दिवस राहायला पाठवा. आणि गंमत बघ. लॅब बंद, बदलायला बाटल्या नाहीत, म्हणजे चारला घरी यायचं कारणच उरलं नाही. अर्ज मात्र गेलेला आहे, तो कुणी परत देत नाही.

मधली

९ एप्रिल

ताई,

मोतीबिंदू.

एवढंच होतं. बसून वाच, नाहीतर माझ्यासारखं भिंतीला टेकावं लागेल.

काम का थांबलं ते बघायला डॉक्टरीणबाई घरी आल्या. बाबा उठले नाहीत, मीच सगळं सांगितलं. त्यांनी बाबांना एकच प्रश्न विचारला, चाळिशी कधी सुटली? बाबांनी सांगितलं. तू बाटल्या बदलत होतीस त्या, घरातल्या तुझ्या शेवटच्या दोन वर्षांच्या आधीच. त्या उठल्या आणि बाबांना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या, मागोमाग आम्ही तिघी. डॉक्टर गमत्या आहे. म्हणाला, या वयात चष्मा सुटला की लोक मिरवतात, मी मात्र लगेच शस्त्रक्रियेची तारीख देतो. आतलं भिंग पिकत जातं, चहासारखं पिवळं होत जातं, आणि पिकताना काही काळ जवळचं उलट छान दिसतं. जग पिवळं होतं ते इतकं हळू, की त्या माणसाला पत्ताच लागत नाही. पूर्वीच का नाही आणलंत, असं त्याने सहज विचारलं. आई तिथल्या बाकावर बसली ती उठेना.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ज्याला औषध नाही असं आपण समजत होतो त्याला औषधच औषध होतं, आणि ते मिळू नये याची व्यवस्था आपण घरच्या घरी, मायेने केली होती. एकही दात परत आला नाही, म्हणून कुणी डोळे तपासले नाहीत. मला हसू आलं नाही. मला कुणालातरी धरून हलवावंसं वाटलं, आणि धरण्यासारखी आधी मीच दिसले.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढली तेव्हा आम्ही सगळ्या होतो. बाबांनी आधी भिंत बघितली, मग चादर, मग स्वतःचे हात. मग आईकडे वळून म्हणाले, तुझे केस एवढे पांढरे कधी झाले? आई तिथेच रडली. आम्ही इतक्या वर्षांत तिला रडताना बघितलं नव्हतं.

आज जवळच्या विद्यापीठाचं पत्र आलं. अकाउंट्सला प्रवेश मिळाला म्हणून अभिनंदन केलंय. अर्जाची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांचा मोतीबिंदू सापडला. हे आकडे मी मांडून बघत नाही, गणित येतं म्हणून काही सगळंच मांडायचं नसतं.

मधली

३० मे

ताई,

दुसरा डोळाही झाला. लॅब उघडली. तुला वाटेल, गोड शेवट. मलाही वाटलं होतं.

बाबा आता शेड अचूक लावतात. अचूक म्हणजे, मी शेजारी उभी राहून चुका शोधते आणि सापडत नाहीत. पण नमुना ओठाशी धरला की ते माझ्याकडे बघतात आणि विचारतात, जमलाय? मी म्हणते, जमलाय, बाबा. ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मग म्हणतात, तू तर नेहमीच हो म्हणायचीस. आणि नमुना बदलतात. बरोबर असलेला काढून चुकीचा लावतात, मग तोही काढतात. काल एक चांगली झालेली कॅप त्यांनी पुन्हा पुन्हा भट्टीत घालून बिघडवली. धाकटीने बरोबर आहे म्हटलं तर तिला विचारलं, तुला कुणी सांगितलं असं म्हणायला? आईला ते विचारतच नाहीत. डॉक्टरीणबाईंनी शेड मोजायचं यंत्र आणून दाखवलं. यंत्राने बाबांचाच नंबर सांगितला, तर म्हणाले, यालाही घरातल्यांनी पढवलेलं दिसतंय. आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

आधी त्यांना माझी गरज होती आणि ते त्यांना माहीत नव्हतं. आता गरज नाही, पण ते स्वतःच म्हणतात, चारच्या आत घरी ये. पुढच्या महिन्यात वर्ग सुरू होतील, मी अकाउंट्स शिकेन आणि धावत घरी येईन, डोळे चांगले झालेल्या एका माणसाला चांगलं दिसतंय हे सांगायला, आणि तो विश्वास ठेवणार नाही. मी चौकशी केली आहे. पहिल्या वर्षात असतानाही गणिताला पुन्हा अर्ज करता येतो. पण बाबांना असं सोडून मी गेले, तर धाकटी राहील त्या स्टुलापाशी. हे मला माहीत आहे आणि तिलाही.

काल संध्याकाळी बाबा ब्रश धुताना म्हणाले, ‘मोठीला बोलव. तिला विचारेन.’

मी लगेच म्हटलं, बाबा, तीही दोन वर्षं खोटं बोलत होती. आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय मी. ते म्हणाले, माहीत आहे मला. पण मग तिला खोटं बोलणं नाही जमलं, म्हणून गेली. तुम्हा सगळ्यांना जमलं.

तर ये. रजा काढ, अशील सोड, काहीही कर. दाराशी आलीस की बाबा काय म्हणतील ते मला माहीत नाही. तुला किती वेळ तिथे उभं ठेवतील तेही नाही. पण आत घेतील, आणि मग तुझ्या हातात एक दात देतील. खिडकीशी जाऊन बघ. जमला असेल तर जमला म्हण. बिघडला असेल तर त्यांच्या तोंडावर बिघडला म्हण. माझी भीती एवढीच आहे की इतक्या वर्षांनी त्यांना बघून तुला दया येईल. ती मनात आली तरी तोंडावर आणू नकोस, ताई. तुझ्यावर विश्वास बसला तर ते स्वतःच्या डोळ्यांवरही ठेवतील, म्हणून पुढच्या अर्जात मी पहिल्या रकान्यात काय लिहायचं ते तुझ्या त्या एका शब्दावर आहे. मी तो रोज म्हणते. माझ्या तोंडात तो खोटा झालाय.

वाट बघते.

मधली